लान्सीचा डबा

मांयने माळ्यावरून कढई काढली त्या दिवशी मी दुसऱ्यांच्या पोरींचे नाताळचे फ्रॉक शिवत बसले होते. ती कढई दोघींनी मिळून उतरवायची. सत्तरीला टेकलेली माझी सासू एकटीच शिडीवर चढून ती ओढत होती, आणि मला हाक मारत नव्हती, कारण हाक मारली असती तर मी नको म्हणाले असते. शेवटी खडखडाट ऐकून मीच धावले.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"दिसत नाही? कढई आहे."

"ते दिसतंय. काढलीत कशाला?"

"अंघोळ करायला," मांय म्हणाली. "नाताळ दोन आठवड्यांवर आलाय आणि ही विचारतेय कशाला. त्या बाजूने धर, नाहीतर दोघींच्या डोक्यात पडेल."

मी धरली. दुसरं काय करणार होते?

आमच्याकडे ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलं असेल, त्या घरात नाताळला कढई चढत नाही. नेवऱ्या नाहीत, किडयो नाहीत, गुळियो नाहीत, कुस्वार म्हणून नाताळचं जे जे फराळाचं डब्यांत भरतात त्यातलं काहीच नाही. त्या घराला शेजारचे ताट पाठवतात. बाकीच्यांची ताटं नाताळच्या मिस्सानंतर, चर्चमधली उपासना सुटली की, हसतखेळत एकमेकांकडे फिरतात, पण दुःखाच्या घरचं ताट आदल्या दिवशी दुपारी येतं, झाकून. आणि ते रिकामं परत जातं. एरवी शेजारणीचं ताट रिकामं परत केलं तर वर्षभर बोलणी खावी लागतील. घरात काही नसलं तर मूठभर साखर तरी घालतात. दुःखाच्या घराला तेवढी सूट आहे. ताट घासायचं, पुसायचं, रिकामं द्यायचं. देणारीला त्यातून समजतं की झालेलं या घराने मान्य केलं.

आमच्या घरातलं माणूस गेलं होतं की नाही, हाच तर प्रश्न होता.

लान्सी, माझा नवरा, आखातात एका टगबोटीवर कामाला होता. फेब्रुवारीत वादळात ती बोट उलटली. वर अकराजण होते. सातजणांचे देह मिळाले, चौघांचे मिळाले नाहीत, आणि त्या चौघांत लान्सी. कंपनीच्या माणसाचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, बेपत्ता. मांयने तो शब्द जो पकडला तो पकडलाच. "मेला असं कुठे म्हणालेत ते?" ती ज्याला त्याला विचारायची. भाजीवाल्यालासुद्धा. पहिले दोन महिने फोन वाजला की आम्ही दोघी धावायचो. मग मी धावायचं सोडलं. मांय धावत राहिली, गुडघे दुखत असताना, आणि समोरून कोणीतरी पडद्याचं कापड किती लागेल ते विचारायचं.

एप्रिलमध्ये फादर घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी हळूच सुचवलं, लान्सीसाठी एक मिस्सा ठेवू या. मांय म्हणाली, "ठेवा की, फादर. प्रवासाला गेलेल्यांसाठी असते ना, ती ठेवा." फादरनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये 'प्रवासात असलेल्या लान्सीसाठी' असं वाचलं जायचं, आणि पुढच्या बाकांवरच्या माना जराशा खाली जायच्या. मला त्या मानांचा राग यायचा. मांयचाही यायचा. त्या वर्षी मला कोणाचा राग आला नाही ते सांगणं सोपं जाईल.

मला स्वतःला जुलैतच कळून चुकलं होतं. रेनिताचं, आमच्या मुलीचं, शाळेचं दप्तर फाटलं होतं, म्हणून मी कपाटातून लान्सीच्या दोन जाड पँटी काढल्या, उसवल्या आणि त्यांची पिशवी शिवली. चांगली झाली. बंद लावताना लक्षात आलं, की परत येणार असलेल्या माणसाच्या पँटी कोणी उसवत नाही. मी पिशवी खाली ठेवली आणि गॅसवरचं दूध बघायला गेले. ते उतू गेलं होतं.

हे मी मांयला सांगितलं नाही. पण नोव्हेंबरात एक गोष्ट केली, ती सांगायला हवी.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, मांयचे गुडघे सुजले होते. सासऱ्यांच्या कबरीवर लावायला तिने मला सहा मेणबत्त्या देऊन पाठवलं. पाच लावल्यावर कबरीची कड भरली आणि सहावी हातात उरली. आमच्या कबरस्तानाच्या मधोमध मोठा क्रूस आहे. ज्यांची कबर इथे नाही, जे परमुलखात मेले किंवा समुद्रात गेले, त्यांच्यासाठी लोक त्याच्या पायाशी मेणबत्ती लावतात. मी तिथे गेले आणि सहावी लावली. रडले वगैरे नाही. वारा होता. ती दोनदा विझली, तिसऱ्यांदा टिकली. उठून वळले तर मागे सेवरीनबाय उभी.

सेवरीनबाय आमची शेजारीण, मांयची चाळीस वर्षांची मैत्रीण. दोघींनी एकमेकींची बाळंतपणं काढलीत आणि एकमेकींच्या नेवऱ्यांना नावंही ठेवलीत. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि नवऱ्याच्या कबरीकडे निघून गेली. तिने पाहिलं नसेल, असं मी वाटेत स्वतःला तीनदा सांगितलं. एकदा सांगून पटलं असतं तर तीनदा सांगावं लागलं नसतं.

*

किडयो वळायला दर वर्षी आमच्या ओसरीवर सात-आठ बायका बसायच्या. आमच्या वाड्यात, म्हणजे आमच्या वस्तीत, शनिवार ठरलेले आहेत, एक शनिवार एका घरचा, आणि डिसेंबरचा दुसरा शनिवार आमचा. मांयने रविवारी मिस्सा सुटल्यावर दारात उभं राहून सगळ्यांना सांगितलं. सगळ्या हो म्हणाल्या. शनिवारी सकाळी तिने चार किलो मैदा घेतला, त्यात अंडी फोडली, नारळाचं पहिलं दूध घातलं, गरम तूप घातलं आणि परातीत मळून ओल्या फडक्याखाली ठेवलं. ओसरीवर चटया अंथरल्या. नवे कंगवे आणले होते, आठ.

दोन वाजले, अडीच वाजले. मग फोन यायला लागले. एकीकडे पाहुणे आले होते. एकीचं पोर तापलं होतं. सेवरीनबायचा दात दुखत होता.

"दाताने वळतात का किडयो?" मांयने फोनवर विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मांयने फोन ठेवला आणि म्हणाली, "म्हातारीला तोंडात दात किती उरलेत ते मला विचारा. तीन. त्यातला कुठला दुखतोय देव जाणे."

"मांय, त्या येणार नाहीत," मी म्हणाले.

"नाही तर नाही. हात आपल्याला पण आहेत."

मग आम्ही तिघी बसलो. मांय, मी आणि आठ वर्षांची रेनिता. चिंचोक्याएवढा गोळा घ्यायचा, कंगव्याच्या दातांवर ठेवून अंगठ्याने पसरायचा आणि गुंडाळत गुंडाळत सोडवायचा. पाठीवर रेघा उठलेली गुबगुबीत अळी तयार होते. एका अळीला काही लागत नाही. चार किलो मैद्याच्या अळ्या तिघींनी करायच्या म्हणजे कंबरेचा काटा ढिला होतो. आठजणी असल्या की गप्पांत परात कधी संपली ते कळत नाही, कोणाच्या सुनेचं, कोणाच्या जमिनीचं, सगळं निघतं. आम्हाला बोलायला काही नव्हतं. पीठ वरून सुकायला लागलं आणि मांय फडकं पुन्हा पुन्हा ओलं करत राहिली.

"वडलीमांय," रेनिताने आजीला विचारलं, "पप्पाचा किडा कोण करणार?"

मी तिच्याकडे डोळे वटारले. मांयने मान वर केली नाही. "तू कर की."

लान्सी लहान असताना त्याला एकेक अळी वळायचा कंटाळा यायचा. एकदा त्याने मुठीएवढा गोळा घेऊन एकच जाड किडा वळला आणि म्हणाला, माझं काम झालं. तो तळला तेव्हा बाहेरून लाल झाला आणि आत कच्चा राहिला, आणि त्याने हट्टाने सगळा खाल्ला. तेव्हापासून दर वर्षी त्याच्यासाठी एक जाड किडा करायची रीत पडली. लान्सी आखातात गेल्यावर तो किडा त्याला पाठवायच्या डब्यात सगळ्यात वर जायचा. पंचवीस तारखेला फोन आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं. "मांय, कच्चा होता." आणि मांयचं उत्तर ठरलेलं. "मग टाकून द्यायचास." बारा वर्षं मी हे ऐकलं. दर वर्षी दोघंही असे हसायचे की जणू पहिल्यांदाच म्हणतायत.

रेनिताने मूठभर पीठ घेतलं आणि कंगव्यावर दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. कंगव्याचा एक दात मोडला. "बरोबर बापासारखी," मांय म्हणाली. तो मोडका दात पिठातून शोधून काढण्यात बराच वेळ गेला, आणि तेवढा वेळ मला बरं वाटलं.

*

सोमवारी गुळियो करताना मात्र माझा तोल सुटला.

गुळियो म्हणजे तांदळाच्या पिठाच्या गोळ्या, नारळाच्या दुधात शिजवून, मळून, तळलेल्या. उकड नीट शिजली नाही किंवा मळताना आत हवा राहिली, तर कढईत त्या फटाक्यासारख्या फुटतात. मांयच्या गुळियो कधी फुटल्या नव्हत्या. वाड्यातल्या बायका तिला उकड बघायला बोलवायच्या, ती बोटांनी दाबून सांगायची, अजून दोन मिनिटं. त्या दिवशी पहिला घाणा तेलात पडला आणि अर्ध्या मिनिटात एक फुटली. मग दुसरी. तेल छताला लागलं. मांयच्या मनगटावर उडालं आणि तिथे रुपयाएवढा फोड आला.

मी गॅस बंद केला.

"चालू कर," मांय म्हणाली.

"हात भाजलाय तुमचा."

"हात माझा आहे. तांदूळ जुना निघाला, त्याला कोण काय करणार? चालू कर."

"तांदूळ नवा आहे. मीच आणलाय." माझा आवाज चढला. "मांय, बस करा आता. कोणासाठी तळताय हे सगळं?"

"घरात नाताळ आहे म्हणून तळतेय."

"घरात नाताळ नाहीये यंदा."

"असं कोण म्हणतं?"

ती झारा हातात घेऊन माझ्यासमोर उभी होती, मनगट पाण्याखाली धरायचंही तिला सुचलं नव्हतं. फादर म्हणतात, वाडा म्हणतो, कंपनी म्हणते, असं मी म्हटलं असतं तर तिने एकेकाची हजेरी घेतली असती. तिला जे नाव ऐकायचं नव्हतं ते माझं होतं, आणि तेच माझ्या तोंडातून निघेना.

"कोणी नाही," मी म्हणाले आणि गॅस चालू केला.

उरलेल्या गुळियो मी झाकण ढालीसारखं धरून तळल्या. निम्म्या फुटल्या. मांयने फुटलेल्याही साखरेच्या पाकात घोळल्या आणि वेगळ्या डब्यात ठेवल्या. नेवऱ्या मात्र चांगल्या झाल्या. तीळ, खोबरं, काजू, वेलची, सारण मी केलं होतं आणि कातण मांयने फिरवलं होतं. एकही उकलली नाही. हे सांगते कारण त्या आठवड्यात नीट झालेली तेवढी एकच गोष्ट होती.

संध्याकाळी मांयने लान्सीचा डबा भरला. दूध पावडरचा मोठा पत्र्याचा डबा, बारा वर्षांपूर्वीचा, कडेचा रंग उडालेला. सुटीवर आलेलं कोणीतरी आखातात परत जाताना तो न्यायचं आणि लान्सी येताना तो रिकामा घेऊन यायचा. "यंदा कोणाबरोबर?" हा आमच्या घरातला डिसेंबरचा प्रश्न होता. सुटीवर आलेली माणसं आम्हाला रस्त्यात बघून दुसऱ्या गल्लीत वळायची, कारण मांयचा डबा म्हणजे तीन किलो सामान. या वेळीही तो घरातच होता, लान्सीने गेल्या जानेवारीत सुटीवर येताना रिकामा आणलेला. तळाला किडयो, वर नेवऱ्या, मध्ये कागद, आणि सगळ्यात वर रेनिताचा जाड किडा. झाकण लावून मांयने खाकी चिकटपट्टी तीन वेळा गुंडाळली.

"कोणाबरोबर पाठवणार?" मी विचारलं. मला दुखवायचंच होतं तिला. गुळियो फुटल्यापासून मी ते पोटात घेऊन हिंडत होते.

"मिळेल कोणीतरी," मांय म्हणाली. "जाणारे काय थोडे आहेत?"

तिने तो डबा रेनिताने मांडलेल्या बाळ येशूच्या गोठ्याशेजारी, कपाटावर ठेवला. मातीचे मेंढपाळ त्याच्यापुढे अगदी लहान दिसत होते.

*

चोवीस तारखेला दुपारी मी शेवटचा फ्रॉक देऊन आले. जेवण झालं होतं. मांय ओसरीवर बसून आमची ताटं मांडत होती. मिस्सानंतर कोणाला काय जाणार ते तिचं ठरलेलं असतं. सेवरीनबायच्या ताटात तिने नेवऱ्या जास्त घातल्या. "तीन दातांनी चावता येतील अशा," ती म्हणाली. म्हणजे राग गेला होता.

तेवढ्यात फाटक वाजलं. सेवरीनबाय आली. हातात ताट होतं, त्यावर विणलेला पांढरा रुमाल टाकला होता.

ती पायरीशीच थांबली. मांयने ताटाकडे पाहिलं, मग उन्हाकडे पाहिलं, जणू वेळ बघत होती. चोवीस तारीख, दुपार, झाकलेलं ताट. आमच्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

"सेवरीन," मांय म्हणाली, "तू घर चुकलीस."

"नाही गो, आपोलिन."

"मग दिवस चुकलीस. उद्या आण. उद्या माझं पण तयार आहे, हे बघ."

"आपोलिन, ऐक माझं."

"काय ऐकू? दात दुखतो म्हणून सांगितलंस तेव्हा ऐकलं. या घरातून पेटी गेली का? घंटा वाजली का? चाळीस वर्षं माझ्या ओसरीवर बसून खाल्लंस आणि आज माझ्या मुलाचं ताट घेऊन माझ्याच दारात आलीस. लाज नाही वाटली?"

बोल, मांय, बोल, मी मनात म्हणत होते. हे मी आज प्रामाणिकपणे सांगते. दहा महिने मी तिच्या हट्टाला कंटाळले होते, आणि ते ताट बघताच मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले, लहान मुलासारखी. तिने ते ताट उलथवून टाकावं, सेवरीनबायला फाटकाबाहेर काढावं, असं मला मनापासून वाटत होतं. मी लान्सीला मेलेला मानू शकले होते, कारण घरात एकजण तो जिवंत आहे असं रोज मानत होती. तिच्या जिवावर मी पँटी उसवल्या होत्या.

सेवरीनबायच्या डोळ्यांत पाणी आलं. ती भांडायला आली नव्हती. "मी माझ्या मनाने नाही आले, आपोलिन," ती म्हणाली. "मीही दहा महिने तुझ्यासारखंच म्हणत होते. पण घरचंच माणूस क्रुसापाशी मेणबत्ती लावतं, तेव्हा शेजारच्याने काय करायचं? ताट नाही आणलं तर उद्या तूच म्हणशील, माझ्या घरी दुःख होतं आणि सेवरीन आली नाही."

"घरचं कोण?"

 सेवरीनबायने माझ्याकडे पाहिलं नाही, त्याबद्दल मी आजही तिची आभारी आहे. पण घरात होतं कोण? मांय हळूच वळली.

"जसू?"

खोटं बोलता आलं असतं. माझ्या बापासाठी लावली म्हणाले असते. माझा बाप मूडबिद्रीला पुरलाय, त्याची कबर काही इथे नाही. मांयने ते मानलं असतं. तिला मानायचंच होतं. तोंडापर्यंत आलेले ते शब्द मी गिळले, कारण तिचा चेहरा बघून खोटं बोलवेना.

"हो," मी म्हणाले. "लावली."

"कधी?"

"दोन तारखेला. सहावी उरली होती."

 मग तिने विचारलं, "राहिली ती? की विझली?"

"दोनदा विझली. मग राहिली."

तिने मान डोलावली. उकड झाली की नाही हे सांगताना डोलवायची तशीच. मग पुढे होऊन तिने सेवरीनबायच्या हातातून ताट घेतलं.

मी म्हणाले, "मांय, नको." ती आत गेली. मी मागोमाग गेले. तिने रुमाल बाजूला केला. सेवरीनबायच्या किडयो, सेवरीनबायच्या नेवऱ्या, टपोऱ्या गुळियो, एकही न फुटलेली. तिने ते सगळं एका पातेल्यात ओतलं. ताट मोरीत नेऊन राखेने घासलं, दोनदा धुतलं. साबण समोर होता, पण तिने राख घेतली. पदराने पुसलं, कड पुसली, मागची बाजू पुसली.

"मांय, आपलं घाला ना त्यात," मी म्हणाले. "चार नेवऱ्या घाला. इतकं केलंय आपण. डबे भरलेत."

तिने ऐकलंच नाही. ओसरीवर आमच्या भरलेल्या ताटांची ओळ होती, तिच्यामधून ती ते रिकामं ताट घेऊन गेली आणि सेवरीनबायच्या हातात दिलं. घडी केलेला रुमाल वर ठेवला.

"आपोलिन, मागाहून दिलंस तरी चाललं असतं," सेवरीनबाय म्हणाली. 

"नको," मांय म्हणाली. "घेऊन जा."

सेवरीनबाय गेली. फाटक तिने इतकं हळू लावलं की वाजलंच नाही. मांयने मांडलेली ताटं एकेक करून उचलली आणि पुन्हा डब्यांत रिकामी केली. मी मदत करायला हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला, रागाने नाही, वाटेत आलेली खुर्ची सारतात तसा. ती मला काही बोलली असती तर बरं झालं असतं. शिव्या द्यायला हव्या होत्या तिने मला. माझ्या नवऱ्याला मी मारलं असं म्हणायला हवं होतं. मी वाट बघत होते आणि ती डब्यांची झाकणं लावत होती.

मग ती आतल्या खोलीत गेली. रेनिता गोठ्यातले मेंढपाळ हलवत बसली होती. मांयने तिच्या डोक्यावरून हात पुढे करून लान्सीचा डबा काढला, खाटेवर बसली, डबा मांडीवर घेतला आणि नखाने चिकटपट्टीचं टोक शोधायला लागली.

"मांय, तो राहू दे," मी म्हणाले. "तो पाठवायचाय."

तिचं नख टोकाला लागलं होतं. पट्टीचा पहिला वेढा कर्रकन सुटला.

"कोणाबरोबर?" तिने विचारलं.

दुखवायला नव्हतं विचारलं. खरंच विचारलं होतं, की माझ्याकडे नाव असेल तर ती हात थांबवेल. मी नाव शोधलं. गावात सुटीवर आलेले पाच-सहाजण मला माहीत होते, कोण दुबईला, कोण मस्कतला, कोणत्या तारखेला.

"मिळेल कोणीतरी," मी म्हणाले.

मांयने दुसरा वेढा सोडवला. मग तिसरा. झाकण निघाल्यावर वेलचीचा वास आला. वर रेनिताचा जाड किडा होता. मांयने तो उचलला आणि दोन्ही हातांनी मोडला, एकदा, मग मोठा तुकडा परत एकदा. एक तुकडा रेनिताला दिला, एक मला, एक स्वतः घेतला.

"पप्पाला काय उरलं?" रेनिताने विचारलं.

"खा," मांय म्हणाली.

आम्ही तिघी खाटेवर बसून खात होतो. बाहेर कोणाच्या तरी घरी नाताळचा तारा टांगायला पोरं शिडी ओढत होती. किडा बाहेरून लाल होता आणि आत कच्चा होता, आणि ते कोणी बोलून दाखवलं नाही.